पूगनगर श्रीवर्धन

घरात कोणतेही मंगलकार्य निघो, तांदळाच्या राशीवर गणपती म्हणून प्रथम बसते ती सुपारी. मूर्ती नसली तरी चालते, सुपारी नसली तर चालत नाही. नवग्रह मांडावयाचे झाले तरी नऊ सुपाऱ्या पुरतात, आणि मुलीचे लग्न ठरले म्हणजे आमच्याकडे 'सुपारी फुटली' असेच म्हणत असत. हल्लीच्या वर्तमानपत्रांत 'सुपारी दिली' ह्या शब्दांचा जो भयंकर अर्थ रूढ झाला आहे तो नवा आहे. पूर्वी वाजंत्र्यांस सुपारी देत, मारेकऱ्यांस नव्हे. असो. सांगावयाचे ते हे की, वाचकांच्या देवघरातील डब्यात जी मोठी, गोल, टपोरी सुपारी असेल, फोडल्यावर जिच्या आत पांढऱ्या भागाचे प्रमाण अधिक दिसेल, ती बहुधा रोठा जातीची असावी, आणि रोठ्याचे माहेर म्हणजे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे श्रीवर्धन हे गाव. किनाऱ्यावरील लहान लहान नगरांविषयी लिहिताना ह्या वेळी श्रीवर्धनाची निवड आम्ही केली आहे ती केवळ सुपारीसाठी नव्हे. पण सुपारी वगळून त्या गावाविषयी लिहू म्हटले तर लिहिता येत नाही, हेही खरे.

गाव म्हणावे तर त्यास नगरपरिषद आहे, आणि नगर म्हणावे तर २००१ च्या शिरगणतीत वस्ती पंधरा हजारांच्या घरात. पश्चिमेस चंद्रकोरीसारखी वळलेली वाळूची पुळण, तिच्यामागे माड-पोफळींचा गर्द पट्टा, आणि त्या पट्ट्यातच घरे, अशी येथील रचना. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्यास घर दिसतच नाही. गडगा दिसतो, बेडे दिसते, आणि आत अंधारी थंडगार वाडी. भर वैशाखातही आत पाऊल टाकताच अंगावरून ओला पदर फिरल्यासारखे वाटते. लक्ष्मीनारायण, जीवनेश्वर, ग्रामदेवता सोमजाई ही मुख्य देवस्थाने. दक्षिणेस काही कोसांवर पेशव्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर. त्याच्या पलीकडे सावित्री नदी समुद्रास मिळते, आणि खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो.

संस्कृत शिकलेल्या माणसास शब्दांचा नाद सुटत नाही, तेव्हा एक लहानसे विषयांतर वाचकांनी सहन करावे. सुपारीच्या झाडास संस्कृतात क्रमुक, गुवाक, पूग अशी नावे आहेत. पूजेतील 'पूगीफल' सर्वांच्या ओळखीचे. परंतु ह्याच 'पूग' शब्दाचा दुसरा अर्थ समूह किंवा संघ असा आहे. पाणिनीच्या सूत्रांत तो ह्या अर्थाने येतो, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत न्याय करणाऱ्या मंडळांत कुल आणि श्रेणी ह्यांच्या बरोबरीने पूगाची गणना केलेली आहे. ह्यावर मिताक्षराकार विज्ञानेश्वराने केलेला खुलासा मोठा सूचक आहे: निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या धंद्यांचे, पण एकाच ठिकाणी वस्ती करून राहणारे लोक मिळून पूग होतो, जसे गाव किंवा नगर. म्हणजे आज ज्यास आपण नगरपालिका म्हणतो तिचेच हे वर्णन झाले. जेथे ब्राह्मण, भंडारी, कोळी, माळी, मुसलमान सारे एकाच पोफळीच्या छायेत पिढ्यान् पिढ्या नांदले, त्या गावास दोन्ही अर्थांनी पूगनगर म्हणता यावे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले हा पंडितांचा विषय. आम्हांस मात्र हा योग गोड वाटला.

जुन्या युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात हे बंदर 'झिफरदान' अशा काहीशा विद्रूप नावाने येते. निजामशाही व आदिलशाही काळात ते चालते बंदर होते, आणि येथून बाहेर जाणाऱ्या मालात सुपारी मुख्य होती. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात श्रीवर्धनाचे नाव राहिले ते भट घराण्यामुळे. श्रीवर्धनची देशमुखी ह्या घराण्याकडे असे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जन्मलेला बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या अमलातील जाचास कंटाळून घाट चढून देशावर गेला. त्याचा भाऊ जानोजी ह्यास सिद्दीने गोणीत घालून समुद्रात बुडविले अशी आख्यायिका आहे. खाडीपलीकडील वेळासचे भानू कुटुंब त्याच संकटात भटांबरोबर निघाले, आणि त्याच कुटुंबात पुढे १७४२ साली नाना फडणवीस जन्मले. धनाजी जाधवाच्या पदरी हिशेबाचे काम करणारा हा कोकणचा कारकून १७१३ साली शाहू महाराजांचा पेशवा झाला. १७१४ साली त्याने कान्होजी आंग्ऱ्यास लढाई न करता शाहूच्या पक्षास वळविले. १७१९ साली दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. आणि १७२० च्या एप्रिलात सासवडास देह ठेवला. अवघी सात वर्षांची पेशवाई, पण पुढील शतकाचा पाया त्याच सात वर्षांत घातला गेला.

ह्यात चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांचे घोडे पुढे अटकेपर्यंत गेले त्यांचे हे मूळ गाव अखेर सिद्द्यांच्याच संस्थानात राहिले. पहिल्या बाजीरावाने १७३३ साली सिद्दीवर मोहीम काढली, चिमाजी आप्पाने १७३६ साली रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात ह्यास ठार मारले, तरी जंजिरा पडला नाही. इंग्रजी अमदानीत श्रीवर्धन हा जंजिरा संस्थानचा एक तालुका होता, आणि १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत तो तसाच राहिला. बाळाजीपंताच्या स्मारकासाठी पेशवे आळीत पुतळा उभा आहे. तो पाहावयास जाणारे पुष्कळ आहेत. पण त्याने गाव का सोडले हे तेथे उभे राहून आठवणारे थोडे. कोकणातील कर्तृत्ववान माणसाने घाट चढावयाचा किंवा मुंबईची वाट धरावयाची, ही चाल त्याने पाडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती चाल तीनशे वर्षे तरी जुनी आहे एवढे त्यावरून दिसते.

आगबोटींच्या काळात प्रवासी खोल पाण्यात पडावात उतरत आणि पडावातून कोळ्यांच्या खांद्यावरून किनाऱ्यास लागत. पुढे मोटारी आल्या, बोटी बंद पडल्या, आणि समुद्रमार्गे सरळ असलेली मुंबई रस्त्याने माणगाव-म्हसळ्याचा वळसा घेऊन दूर गेली. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून १९८१ च्या १ जानेवारीस रायगड झाले. ते बदलणारे मुख्यमंत्री अंतुले हे म्हसळे तालुक्यातील आंबेतचे, आणि विधानसभेत ह्याच श्रीवर्धनचे प्रतिनिधी. १९९३ च्या फेब्रुवारीत जवळच्या शेखाडी किनाऱ्यावर जी स्फोटके उतरली त्यांनी पुढच्याच महिन्यात मुंबईत काय अनर्थ केला तो सर्वश्रुत आहे. त्यावर अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाही. तालुक्यातील दिवेआगरास शके ९८२ चा मराठी ताम्रपट मिळाला, ज्याची गणना मराठीच्या आरंभीच्या लेखांत होते. त्याच दिवेआगरास १९९७ च्या नोव्हेंबरात एका वाडीत खणताना पेटी सापडली आणि आतून सुवर्णाचा गणेश निघाला. २०१२ साली दोन रखवालदारांचा खून करून तो चोरांनी नेला, सोने वितळविले. आणि हाती आलेल्या सोन्यातून पुन्हा घडविलेल्या मुखवट्याची स्थापना २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. जमिनीतून निघालेले देव आणि दरोडे हे दोन्ही कोकणास अपूर्व नाहीत.

आता वाडीकडे वळू.

पोफळ हे झाड ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांस त्याच्या कृशपणाची कल्पना येणार नाही. चाळीस-पन्नास फूट उंच, आणि बुंधा इतका की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावावा. शेंड्यावर सात-आठ पानांचा झुबका, त्याखाली हिरवी गुळगुळीत मान, आणि मानेखाली फळांचे घड. पान गळते ते आपल्या रुंद विरीसह. त्या विरीचे द्रोण, पत्रावळी, पंखे होतात, आणि मुलांपैकी एकास तिच्यावर बसवून दुसऱ्याने अंगणभर ओढावे हा खेळ तर कोकणातील प्रत्येक प्रौढ वाचकास आठवत असेल. झाडे इतकी दाट असतात की पाडेली एकदा वर चढला म्हणजे खाली उतरत नाही. झाड हलवून झोका घेतो आणि पुढचे झाड पकडतो, आणि अशा रीतीने सारी ओळ संपवून मगच जमिनीस पाय लावतो. ही विद्या जाणणारे आता फार थोडे राहिले आहेत, आणि जे आहेत त्यांची मुले ती शिकत नाहीत. आम्ही त्यांस दोष देत नाही. पाठ मोडली तर पुढे कोण पाहणार, ह्याचे उत्तर बागाईतदाराजवळ नसते.

झाडास बारमाही पाणी लागते. पूर्वी प्रत्येक वाडीत विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाटापासून प्रत्येक आळ्यापर्यंत पाट असे. पहाटेस रहाटाच्या कुरकुरीने गाव जागे होई. आता विजेचे पंप आहेत. फळ काढून, उन्हात सुमारे चाळीस दिवस वाळवून, मग सोलावयाचे. पावसाळ्यात झड लागली की कोवळी फळे सडून गळतात. तो रोग टाळण्यासाठी मोरचूद आणि चुना ह्यांचे मिश्रण घडांवर मारावे लागते, तेही निसरड्या बुंध्यावर चढून. पोफळीच्या छायेत केळ, मिरवेल, जायफळ ही सारी भावंडे वाढतात. एकत्र कुटुंबाची उपमा कोणास सुचली नसेल तरच नवल.

हे झाड मूळचे आपले नव्हे, असे म्हटले तर पुष्कळांस धक्का बसेल. त्याचे मूळ स्थान फिलिपाइन्सची बेटे असावीत असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा समज आहे. १५२१ साली मॅगेलनची गलबते त्या बेटांस लागली, तेव्हा त्याच्याबरोबर असलेल्या पिगाफेट्टा नावाच्या इटालियन गृहस्थाने तेथील लोक पान, चुना आणि सुपारी खातात हे नमूद करून ठेवले. म्हणजे आपल्याप्रमाणेच तांबडे ओठ, आपल्यासारखाच पाहुण्यापुढे तबक ठेवण्याचा रिवाज. तेथेही किनाऱ्यावर श्रीवर्धनासारखी शेकडो लहान नगरे आहेत, माडांच्या बनात वसलेली; आणि तेथे वादळे दरसाल येतात, एकामागून एक. इंग्रजी 'अरेका' हा शब्द मात्र आपल्याच बाजूचा: मलबारातील 'अडक्का' पोर्तुगीजांनी उचलला. कानडीत सुपारी ती 'अडिके', आणि आपल्या अडकित्त्याचे नाते त्याच कुळाशी लावतात. झाड पूर्वेकडून आले, नाव पश्चिमेस गेले, मध्ये अडकित्ता आपल्या वाट्यास राहिला.

फिलिपाइन्सच्या लोकांस वादळ परिचयाचे आहे, श्रीवर्धनास नव्हते. २०२० च्या ३ जून रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, मुरूड ह्या पट्ट्यास त्याचा जबर तडाखा बसला. महासाथीमुळे त्या वेळी मुंबई बंद होती, आणि एरव्ही गणपतीखेरीज न येणारी पुष्कळ मंडळी गावच्या घरी येऊन राहिली होती. म्हणून ज्या पिढीने वाडी केवळ सुटीत पाहिली तिनेच ती कोसळताना पाहिली. कौले, पत्रे उडाले; विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. आमचे एक जुने विद्यार्थी तेथे राहतात. त्यांनी सांगितले की, आवाज झाडे पडण्याचा नव्हताच. बंदुकीच्या बारासारखे एकामागून एक कडाके ऐकू येत होते, कारण पोफळ मुळासकट पडण्यापूर्वी मध्येच मोडते, आणि मोडलेली शेजारणीस घेऊन जाते. संध्याकाळी वारा पडल्यावर ते ओटीवर आले, तो समोर समुद्र दिसला. त्या ओटीवरून समुद्र दिसतो हे त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनाही ठाऊक नव्हते.

जी झाडे उभी राहिली तीही सुखी राहिली नाहीत. पोफळीचे खोड शेजारच्या सावलीत वाढलेले. ती सावली गेल्यावर नैर्ऋत्येचे ऊन सरळ खोडावर येते, साल भाजते, तडकते, आणि दोन-चार वर्षांत ते झाड साध्या वाऱ्यानेही मोडते. वादळाचे नुकसान एका दिवसात मोजता येत नाही ते ह्यामुळे.

मोजण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर थोडे गणित करू. शाळामास्तराची सवय जात नाही. सरकारने प्रथम फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये भरपाई ठरविली. म्हणजे गुंठ्यास सुमारे ५०० रुपये. शास्त्रीय पद्धतीने नऊ फुटांवर पोफळ लावली तर गुंठ्यात चौदा झाडे बसतात. प्रत्येकी छत्तीस रुपयांच्या आसपास पडले. परंतु जुन्या वाडीत कोण नऊ फूट मोजतो? तेथे गुंठ्यात पंचवीस झाडे असली तर प्रत्येकी वीस रुपये. हेक्टर हे माप ज्वारीच्या शेतास शोभते. दहा-पंधरा गुंठ्यांवर घर चालविणाऱ्या माणसास ते लागू करणे म्हणजे अत्तर शेरावर मोजणे होय. ओरड झाली, आणि पुढे झाडागणिक भरपाई ठरली: नारळास २५० रुपये, सुपारीस ५०. पहिल्यापेक्षा हे न्याय्य झाले हे कबूल केले पाहिजे. तथापि जे झाड सहा-आठ वर्षांनी फळास लागते आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे घर चालविण्यास हातभार लावते, त्याचे मोल पन्नास रुपये!

आणि ते पन्नास रुपये तरी सर्वांच्या हाती पडले का? येथे आमच्या वाचकांच्या घरचाच विषय निघतो. वाडी आजोबांच्या नावे. आजोबांस पाच मुलगे, तीन मुली. त्यांची मुले पुणे, ठाणे, बडोदे आणि अमेरिका येथे. सातबाऱ्यावर एकतर आजोबाच अजून जिवंत आहेत, नाहीतर वारसांची वीस नावे आहेत. पैसे मिळण्यास सर्वांची संमती हवी. ज्याने पंचवीस वर्षे पाट काढले, पहाटे उठून पाणी लावले, त्या धाकट्या काकांचे नाव विसांतील एक. आम्हांस माहीत असलेल्या एका कुटुंबात केवळ एका सहीसाठी रक्कम अडून राहिली, आणि ती सही न करणाऱ्या गृहस्थांस वाडीत झाडे किती ह्याची कल्पनाही नव्हती. त्यांचा राग १९७८ सालच्या भांड्यांच्या वाटणीचा होता. एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही ह्या पानांवर पुष्कळ वेळा गाइले आहेत आणि पुढेही गाऊ. पण जे कुटुंब फक्त सातबाऱ्यावर एकत्र आहे त्यास एकत्र म्हणावे काय? वाडीत राहणाऱ्या माणसाच्या नावे निदान वहिवाटीचा कागद करून द्यावा, वारसांची नोंद वेळीच करून घ्यावी, दूरच्या भावंडांनी एक मुखत्यारपत्र पाठवावे. ह्यास फार तर दोन दिवसांची रजा लागते. गणपतीस सारे जमतातच. आरतीनंतर तेवढे काम होऊ शकते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पुन्हा पोफळ लावावी का? २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ ह्याच किनाऱ्यावरून वर गेले, तेव्हा पुष्कळांचा धीर सुटला. शिवाय वैद्यकशास्त्राचे मत आता स्पष्ट आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली, त्यास वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तोंड आखडत जाण्याचा जो रोग गुटख्याने तरुण मुलांस होतो त्याचे मूळही सुपारीतच आहे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे पानाच्या गादीवर उभे राहून पाहावे. ज्या फळास आपण देव म्हणून पुजतो तेच चघळून आपली मुले रोगी होतात, ही गोष्ट सुपारीच्या गावाविषयी लिहिताना लपविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. देवापुढची सुपारी मात्र कोणी खात नाही, ती वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तेवढ्यावर बागाईत चालत नाही.

तरीही लोक लावीत आहेत. ह्याचे कारण विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी म्हणतो, ह्या रेताड जमिनीत आणि ह्या पाण्यावर दुसरे काय असे होते? कोणी म्हणतो, पोफळ नसली तर जायफळ, मिरी कशाच्या सावलीत वाढवू? कोणी काहीच बोलत नाही, फक्त रोप दाखवितो. ज्यांनी सारा भर सुपारीवर न ठेवता मसाल्याची झाडे वाढविली, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्यांचे बरे चालले आहे. ज्यांनी वाडी विकली तेथे आता पोहण्याचे हौद आणि रंगीत छत्र्या दिसतात. विकणाऱ्यास आम्ही नावे ठेवणार नाही. भाव फार वाढले आहेत आणि मुलींची शिक्षणे महाग आहेत. मात्र विहिरीचे पाणी सगळ्यांचे एक असते. दहा हौद भरू लागले तर अकराव्या वाडीचा पाट कोरडा पडेल, ह्याचा विचार विज्ञानेश्वराच्या पूगाने, म्हणजे नगरपरिषदेने, आताच करावयास हवा.

ज्यांस लावावयाचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कोकण कृषि विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे, आणि 'श्रीवर्धनी' नावाची निवडक जात त्याच विद्यापीठाने प्रसृत केली आहे. उघड्या पडलेल्या जागेत रोप एकदम लावू नये. आधी केळी लावावी, तिची सावली झाली म्हणजे तिच्या पूर्वेस रोप ठेवावे. आंब्याप्रमाणे पोफळीचे कलम होत नाही, सारे बियांवर अवलंबून, म्हणून आईचे झाड भरवशाचे पाहिजे. वादळातून उभे राहिलेले, मध्यम उंचीचे, पेरे जवळजवळ असलेले, दरसाल घड देणारे झाड निवडावे, आणि पूर्ण पिकलेली जड फळे घ्यावीत. जुनी माणसे ती फळे पाण्याच्या घंगाळात सोडून पाहत, आणि शास्त्रज्ञही आता तेच सांगतात: जे फळ आडवे तरंगते ते बाजूस ठेवावे, जे देठाकडचा भाग वर करून उभे तरंगते ते रुजत घालावे.